पायडलाची निवड

मनुष्य आणि यंत्र यांची गाठ जेथे पडते, ती जागा पुष्कळदा फार लहान असते. कुदळ उत्तम पोलादाची असली, तरी तिचा दांडा तळहाताला रुतू लागला, तर खणणाऱ्याचे काम पुढे सरकत नाही. लेखणी कितीही सुबक असली, तरी ती बोटांत नीट बसली नाही, तर अक्षर वळणदार येत नाही. सायकलीवर बसलेल्या माणसाची यंत्राशी गाठ तीन ठिकाणी पडते. हात हँडलावर असतात, शरीराचा भार सीटवर असतो आणि पाय पायडलांवर असतात. यांपैकी हँडल व सीट यांकडे आपले लक्ष सहज जाते. पायडल मात्र पायाखाली असल्यामुळे नजरेआड राहते. आणि सायकल चालते ती तर त्याच्याच जोरावर.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण रोज सायकलीने शाळेत येत असतील. आपला पाय पायडलावर रोज किती वेळा जोर देतो, याचा हिशेब तुम्ही कधी केला आहे काय? समजा, तुमच्या सायकलीच्या पुढच्या दातेरी चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्या चक्राला १८ दाते आहेत. म्हणजे पायडलाचा एक फेरा पूर्ण झाला, की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. चाकाचा परीघ सव्वादोन मीटर धरला, तर एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. शाळा घरापासून ५ किलोमीटर दूर असेल, तर वाटेत सुमारे ९०० फेरे होतात; जाऊन येऊन १,८०० होतात. शाळेच्या २०० दिवसांत ही संख्या साडेतीन लाखांवर जाते. उतारावर पायाला थोडी विश्रांती मिळते, हे खरे. तथापि जी वस्तू आपल्या पायाखाली वर्षातून लाखो वेळा फिरते, ती पायाला सोसणारी आहे की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

सायकलीचा जन्म झाला, तेव्हा तिला पायडल नव्हतेच. जर्मनीतील कार्ल फॉन ड्राइस या गृहस्थांनी १८१७ साली दोन चाकांचे एक लाकडी वाहन तयार केले. त्यावर बसणारा मनुष्य दोन्ही पायांनी जमीन मागे रेटीत पुढे जाई. पुढे १८६० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकाच्या आसालाच क्रँक आणि पायडले जोडण्यात आली. त्यामुळे मनुष्याचे पाय जमिनीवरून उचलले गेले. परंतु या रचनेत पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होई. अधिक वेग हवा असेल, तर पुढचे चाक मोठे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. ते इतके मोठे झाले, की त्या उंच सायकलीवर चढणे अवघड आणि तीवरून पडणे धोक्याचे झाले. अखेर १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' ही सायकल पुढे आणली. तीत पायडले दोन्ही चाकांच्या मध्ये आली आणि त्यांचा जोर साखळीच्या साहाय्याने मागच्या चाकाला मिळू लागला. आज आपण वापरतो ती सायकल मूलतः याच रचनेची आहे.

आपल्या देशात या वाहनाने कामगारांना गिरणीच्या दाराशी पोहोचवले, दूध आणि वर्तमानपत्रे घरोघर नेली. पुण्याला तर एके काळी 'सायकलींचे शहर' म्हणून ओळखत असत. शिक्षणाच्या कामीही सायकलीचा मोठा उपयोग झाला आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीतील मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्याची योजना सुरू झाली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली निवडक तालुक्यांतील विद्यार्थिनींना सायकली देण्यात आल्या आहेत. जेथे शाळा दूर आणि एस.टी.ची फेरी क्वचित, तेथे सायकल चालू असणे म्हणजेच शाळा चालू असणे होय. ही गोष्ट मला पुस्तकातून कळण्याऐवजी एका विद्यार्थ्यामुळे कळली. ती हकीगत येथे सांगतो.

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका गावी मी मुख्याध्यापक होतो. आषाढाचे दिवस होते. पाच किलोमीटरांवरील एका वाडीतून येणारा आठवीतील एक विद्यार्थी रोज उशिरा येऊ लागला. शाळेच्या शिस्तीप्रमाणे मी त्याला पहिला तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभे करी. तो कारण सांगत नसे. मान खाली घालून उभा राही. चौथ्या दिवशी त्याच्या उजव्या घोट्यावर बांधलेली चिंधी माझ्या दृष्टीस पडली.

"हे काय झाले रे?" मी विचारले.

"पाय सटकला, गुरुजी."

मी त्याच्याबरोबर सायकली ठेवण्याच्या छपरात गेलो. त्याच्या सायकलीला उजव्या बाजूस पायडल असे उरलेच नव्हते. रबराचे दोन्ही ठोकळे झिजून गळून पडले होते, त्यांना धरणारा सांगाडाही निखळला होता आणि क्रँकमधून बाहेर आलेली बोटभर जाडीची लोखंडी दांडी तेवढी शिल्लक होती. तिच्यावर त्याने सुतळी गुंडाळली होती. पावसाने ती सुतळी भिजून बुळबुळीत होई आणि चढावर जोर देताच त्याचा पाय घसरे. म्हणून चढ आला, की तो खाली उतरून सायकल हातात धरून चाले. त्याला उशीर होत होता तो यामुळे.

"घरी सांगितलेस का?"

"सांगितलं, गुरुजी. बाबा म्हणाले, लावणी उरकली की बघू."

भाताच्या लावणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरी पैसा आणि वेळ या दोहोंचीही ओढाताण असते, हे मला ठाऊक होते. चार दिवस मी त्या मुलाला शिक्षा करीत होतो. पण त्या चार दिवसांत छपरापर्यंत जाऊन त्याची सायकल पाहण्याचे मला सुचले नव्हते. भरधाव मोटारीपुढे त्याचा पाय घसरला असता तर काय झाले असते, या विचाराने मला वर्गात परत जाववेना.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघे बाजारातील सायकल-दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तेथील मिस्त्री वयोवृद्ध व अनुभवी होते. दुकानात निरनिराळ्या प्रकारची पायडले टांगलेली होती. मुलाची नजर चकाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या जोडीवर खिळली. तिच्या पृष्ठभागावर लहान लहान खिळे उभे होते. मिस्त्रींनी ते पाहिले आणि ते हसून म्हणाले, "बाळ, पायडल मागून दाखवतो. आधी तुझी चप्पल दाखव."

मुलाने पायातील रबरी सपाता काढून पुढे केली. तिचा तळ चवड्याखाली अगदी पातळ झाला होता. मिस्त्रींनी ती बोटांनी वाकवून पाहिली आणि मग एकेक पायडल खाली काढून ते आम्हांला समजावून सांगू लागले.

पहिला प्रकार रबरी ठोकळ्यांच्या पायडलाचा होता. साध्या काळ्या सायकलींना हेच पायडल बहुधा असते. ते पायाला मऊ लागते, पातळ चपलेतूनही रुतत नाही आणि त्याचे रबर बदलता येते. पण रबराची नक्षी झिजून ते गुळगुळीत झाले, की पावसात त्यावर पाय ठरत नाही. दुसरा प्रकार दातेरी पोलादी पत्र्याच्या चौकटीचा होता. उंदराच्या सापळ्यासारखे दिसते म्हणून इंग्रजीत त्याला 'रॅट-ट्रॅप' असे नाव पडले आहे. जाड तळाच्या बुटाला ते चांगले धरून ठेवते. मात्र पातळ चपलेतून त्या पत्र्याच्या दोन कडा तळव्याला टोचतात. तिसरा प्रकार रुंद ॲल्युमिनियमचा, मुलाला आवडलेला. त्यावरील खिळ्यांमुळे ओल्या बुटाचीही पकड सुटत नाही. परंतु हेच खिळे मऊ चपलेचा तळ कुरतडतात आणि पाय चुकला, तर नडगी सोलून काढतात. चौथा प्रकार रुंद नायलॉनचा. त्यावर ओतकामातच उठवलेले बोथट दाते असतात. हे पायडल हलके असते, गंजत नाही आणि त्याचे दाते खिळ्यांइतके तीक्ष्ण नसतात. मात्र ते दगडावर जोराने आपटले, तर तडकण्याचा संभव असतो.

याखेरीज शर्यतीच्या सायकलींना आणखी एका प्रकारचे पायडल असते. त्यात खास बुटाचा तळ अडकवून पाय पक्का केला जातो. बर्फावर घसरण्याच्या खेळातील पट्ट्यांना बूट अडकवण्याची साधने बनवणाऱ्या 'लुक' या फ्रेंच कंपनीने १९८४ साली असे पायडल बाजारात आणले आणि ते शर्यतपटूंमध्ये लवकरच रूढ झाले. परंतु आपण बाजारातून, गुरांच्या कळपातून, मुलांच्या घोळक्यातून वाट काढीत जातो. क्षणोक्षणी पाय जमिनीवर टेकवावा लागतो. अशा प्रवाशाला पाय सहज ठेवता व सहज उचलता येईल, असे सपाट पायडलच सोयीचे.

"रुंद पायडल अरुंदपेक्षा सुखकर का असते?" मी मुलाला विचारले. तो विचारात पडला. मिस्त्री म्हणाले, "तुझ्या दप्तराचा पट्टा रुंद असला, तर खांदा कमी दुखतो की नाही? आणि त्याच दप्तराला सुतळी बांधली तर?" मुलाच्या ध्यानात चटकन आले. भार तोच असला, तरी तो अधिक जागेवर पसरला, म्हणजे दाब कमी होतो. विज्ञानाच्या पुस्तकातील हा नियम पायडलालाही लागू पडतो. लोखंडी दांडीवर किंवा पत्र्याच्या दोन कडांवर सगळा भार आला, की तळव्याची आग होते, बोटांना मुंग्या येतात. चवड्याची सर्व रुंदी टेकेल, एवढे पायडल असावे. मोठ्या माणसाच्या पायाला सुमारे १० सेंटीमीटर रुंदी बहुधा पुरते. मात्र ते फारच रुंद असेल, तर वळणावर सायकल कलताना त्याची बाहेरची कड जमिनीला घासण्याची भीती असते.

यानंतर मिस्त्रींनी एक साधी परीक्षा घेतली. त्यांनी रबराच्या आणि नायलॉनच्या पायडलांवर तांब्यातील पाणी ओतले, तीच जुनी सपाता मुलाला पायात घालायला लावली आणि दोन्हींवर पाळीपाळीने पाय दाबून पुढे सरकवायला सांगितले. रबरावरून पाय सरकला. नायलॉनवर तो जागच्या जागी राहिला. "आता तूच सांग, कोणतं घेशील?" मिस्त्रींनी विचारले. मुलाने चकाकणाऱ्या जोडीकडे एकदा पाहिले आणि मग नायलॉनच्या पायडलावर बोट ठेवले. सपाता बदलली असती, किंवा वाट कोरडी व सपाट असती, तर कदाचित निवडही वेगळी झाली असती. म्हणून दुसऱ्याचे पाहून पायडल घेऊ नये. आपण रोज जे पायात घालतो, तेच घालून आणि आपली वाट मनात आणून ते निवडावे.

मी एकच पायडल मागितले, तेव्हा मिस्त्रींनी मान हलवली. "गुरुजी, एक नवं आणि एक जुनं म्हणजे एका पायात बूट आणि एका पायात चप्पल. जोडीच घ्या." जोडी हातात घेऊन त्यांनी तिची आणखी एक परीक्षा दाखवली. पायडलाची आस एका हाताने धरून दुसऱ्या हाताने ते फिरवले, तेव्हा ते अडखळल्यावाचून फिरले. मग ते आजूबाजूला हलवून पाहिले, तेव्हा ते डुगडुगले नाही. पायडलाच्या पोटात बहुधा पोलादी छर्रे असतात. ते कोरडे पडले किंवा झिजले, की खरखर ऐकू येते, आणि प्रत्येक फेऱ्यात पायाची शक्ती थोडी थोडी वाया जाते.

पायडल बसवताना मिस्त्रींनी आसाच्या टोकावरील 'एल' व 'आर' ही इंग्रजी अक्षरे मुलाला दाखवली. 'एल' म्हणजे डावे आणि 'आर' म्हणजे उजवे. उजव्या पायडलाचे आटे नेहमीसारखे असतात. डाव्याचे आटे उलटे असतात. हे ऐकताच मला माझीच एक चूक आठवली. शिक्षक म्हणून रुजू झालो, त्या वर्षी मी माझ्या सायकलीचे डावे पायडल स्वतःच बदलायला घेतले होते. प्रत्येक स्क्रू उजवीकडे फिरवला, की घट्ट होतो, एवढेच मला ठाऊक. बाजू न पाहता उजवे पायडल मी डाव्या क्रँकमध्ये जोर लावून पिळले. आठवड्याच्या आत ते भर रस्त्यात निखळून पडले, क्रँकचे आटे कायमचे बिघडले आणि मला नवी क्रँक विकत घ्यावी लागली. आपण शिकलेले आहोत, या जाणिवेने मी कोणाला विचारले नव्हते!

डाव्या बाजूचे आटे उलटे का असतात? एक प्रयोग करून पाहा. पेन्सिल मुठीत सैल धरा आणि तिचे बाहेरचे टोक दुसऱ्या हाताने वर्तुळाकार फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट दिशेने हळूहळू वळू लागेल. पायाच्या भारामुळे पायडलाची आसही क्रँकच्या छिद्रात अशीच किंचित किंचित वळत असते. दोन्ही बाजूंची दिशा परस्परविरुद्ध असल्यामुळे एका बाजूचे आटे उलटे ठेवावे लागतात, म्हणजे चालवताना पायडले आपोआप सैल होत नाहीत. एक खूण ध्यानात ठेवली, तर चूक होणार नाही. पायडलाला पाना लावून त्याचा दांडा वर उभा धरावा. तो पुढच्या चाकाकडे ओढला, की दोन्ही बाजूंची पायडले घट्ट होतात. मागच्या चाकाकडे ओढला, की सैल होतात. बसवण्यापूर्वी आट्यांना थोडे ग्रीस लावावे आणि पहिले काही फेरे पान्याने न पिळता बोटांनीच फिरवावे. बोटांनी फिरत नसेल, तर बाजू किंवा माप चुकले आहे, असे समजावे. मोठ्या सायकलींना बहुधा ९/१६ इंच मापाचे आटे असतात. लहान मुलांच्या काही सायकलींना १/२ इंचाचे असतात. म्हणून दुकानात जाताना शक्य तर सायकलच बरोबर न्यावी.

पायडल बसवून झाले, तरी मिस्त्रींचे काम संपले नव्हते. त्यांनी मुलाला सीटवर बसवून पायडलावर टाच ठेवायला सांगितले. पायडल अगदी खाली असताना टाच टेकून पाय सरळ झाला पाहिजे. मुलाचा गुडघा वाकलेलाच राहिला, तेव्हा त्यांनी सीट दोन बोटे वर घेतली. सीट फार खाली असली, की गुडघ्यांवर नाहक ताण पडतो, आणि त्याचा दोष आपण पायडलाला देतो. प्रत्यक्ष चालवताना मात्र टाच न ठेवता चवडा ठेवावा. चवड्याचा रुंद भाग आसाच्या जवळपास यावा. सपाट पायडलाचा एक गुण असा, की दूरच्या वाटेवर पाय थोडा पुढेमागे करून त्याला आराम देता येतो.

शेवटी मिस्त्रींनी पायडलाच्या पुढच्या व मागच्या कडेला असलेले पिवळसर परावर्तक पुसून दाखवले. अंधारात मोटारीचा उजेड त्यांवर पडला, की ते वर-खाली होताना चमकतात. त्या हालचालीवरून पुढे सायकल आहे, हे चालकाला लांबूनच कळते. ज्या पायडलाला असे परावर्तक नाहीत, ते रात्रीच्या प्रवासासाठी घेऊ नये. आणि आहेत ते चिखलाने झाकू देऊ नयेत.

दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी घंटेपूर्वी आला. घोट्याची जखम भरून यायला पुढे आठ-दहा दिवस लागले. लावणी संपल्यावर त्याचे वडील शाळेत आले आणि पायडलांचे पैसे त्यांनी माझ्या टेबलावर मोजून ठेवले. मी नको म्हटले, तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, पैसे घ्या. पोराला बाहेर उभं करण्याआधी एकदा विचारा, एवढंच." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते मला अधिक लागले.

त्या वर्षापासून जून महिन्यात शाळा भरली, की पहिल्या आठवड्यात आम्ही सर्व सायकली मैदानात उभ्या करीत असू. ब्रेक, हवा आणि घंटी यांबरोबर प्रत्येक पायडल हाताने फिरवून व हलवून पाहिले जाई. ज्यांची पायडले मोडलेली असत, त्यांची नावे मी स्वतः लिहून घेई. हे काम करताना माझ्या मदतीला बहुधा तोच विद्यार्थी असे. आणि सायकल घेऊन येणाऱ्या प्रत्येक लहान मुलाला तो सर्वांआधी एकच गोष्ट सांगे, "आधी तुझी चप्पल दाखव."

स्वाध्याय

१. 'सायकल चालू असणे म्हणजेच शाळा चालू असणे होय' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

२. मिस्त्रींनी पायडल दाखवण्यापूर्वी मुलाची चप्पल का पाहिली?

३. रुंद पायडलावर पायाला कमी त्रास होतो. दप्तराच्या पट्ट्याचे उदाहरण देऊन याचे कारण स्पष्ट करा.

४. कारणे द्या : (अ) डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. (आ) एकच पायडल न बदलता जोडी बदलावी.

५. 'म्हणूनच ते मला अधिक लागले' असे लेखक का म्हणतात?

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : गत्यंतर नसणे, रूढ होणे, ओढाताण होणे, नाहक.

७. तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या सायकलीच्या दोन्ही दातेरी चक्रांचे दाते मोजा, चाकाचा परीघ दोरीने मोजा आणि घरापासून शाळेपर्यंत पायडलाचे किती फेरे होतील, ते काढा.